साखर न दिसणारी यंत्रे

बारामतीहून फलटणच्या रस्त्याला लागले की सांगवी येते. गावाच्या कडेने नीरा वाहते. अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा, आणि दोन्ही काठांना ऊस. नदीच्या या पट्ट्यात गाळप हंगामात पाणी काळपट होते, फेस येतो, मासे मरतात, अशा तक्रारी काठावरची माणसे वर्षानुवर्षे करत आली आहेत. या भागातील काही विज्ञान शिक्षकांशी पाण्याच्या तपासणीबद्दल बोलावे म्हणून आम्ही तेथे गेलो होतो. बोलणे सुरू होण्यापूर्वीच एका सरांनी खिशातून पेनाएवढे यंत्र काढून टेबलावर ठेवले. ते टीडीएस मीटर होते, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ मोजणारे यंत्र. पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकायला आलेल्या एका विक्रेत्याने ते शाळेला भेट दिले होते.

या विक्रेत्याने मुलांपुढे एक प्रयोगही करून दाखवला होता. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी तो पाहिला असेल. एका ग्लासात नळाचे पाणी आणि दुसऱ्यात त्याच्या यंत्रातून आलेले. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडली, तेव्हा नळाच्या पाण्यात तपकिरी-हिरवट गाळ जमला आणि दुसरा ग्लास स्वच्छ राहिला. "हे तुम्ही रोज पिता!" असे म्हणून विक्रेता मोकळा झाला. वास्तविक तो गाळ पाण्यातला नव्हताच. कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड विरघळते आणि त्याच्या हायड्रॉक्साइडचा गाळ बनतो. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून तेथे काही दिसत नाही. त्या 'शुद्ध' पाण्यात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग करा, म्हणजे तेही तपकिरी होईल.

त्या दिवशी आम्ही त्याच टीडीएस मीटरने दुसरा एक प्रयोग केला. एका ग्लासातील पिण्याच्या पाण्याचा अंक लिहून घेतला. मग त्यात चिमूटभर मीठ टाकून ढवळले. अंक झपाट्याने वर गेला. दुसऱ्या ग्लासात तेच पाणी घेऊन चमचाभर साखर विरघळवली. अंक जेमतेम हलला, आणि हलला तोही किंचित खालीच. मुले पुनःपुन्हा मीटर बुडवून पाहू लागली. मीटर बिघडलेला नव्हता. हे यंत्र 'विरघळलेले घन पदार्थ' मोजतच नाही. ते पाण्याची विद्युत्‌वाहकता मोजते आणि तिला एका ठरावीक संख्येने गुणून 'घन पदार्थ' म्हणून दाखवते. मिठाचे आयन होतात, ते वीज वाहून नेतात. साखरेचे रेणू विद्युतभाररहित असतात, त्यामुळे मीटरच्या दृष्टीने ते पाण्यात नाहीतच. उलट साखरेने पाणी थोडे दाट होते, आयनांची चाल मंदावते आणि अंक उतरतो.

नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मग कारखान्याचं पाणी याला दिसायचंच नाही का?"

मळीत पोटॅशियमचे क्षार पुष्कळ असतात, त्यामुळे ती या मीटरला काही अंशी दिसेल. साखर मात्र दिसणार नाही, असे उत्तर आम्ही दिले. उत्तर बरोबर होते. परंतु प्रश्न पेनाएवढ्या मीटरपुरता नव्हता, हे परतीच्या वाटेवर आमच्या लक्षात आले, आणि त्याचे एक कारण आमच्या स्वतःच्या कपाटात पडलेला एक जुना अहवाल हे होते. त्याविषयी पुढे सांगू.

साखरेसारख्या खाण्याच्या पदार्थाने नदीचे काय बिघडते, असे कोणी विचारील. हा हिशोब वर्गात फळ्यावर करून घेण्याजोगा आहे. साखरेचा एक रेणू पूर्ण जळायला ऑक्सिजनचे १२ रेणू लागतात. म्हणजे ३४२ ग्रॅम साखरेला ३८४ ग्रॅम ऑक्सिजन, किंवा १ ग्रॅमला सुमारे १.१२ ग्रॅम. नदीतले जीवाणू साखर खातात तेव्हा अखेर तेच घडते, फक्त ज्वाळेशिवाय. त्यासाठी लागणारा ऑक्सिजन ते पाण्यातूनच घेतात. २५ अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळून राहू शकतो. तेव्हा एक ग्रॅम साखर १४० लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकते आणि चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, ७०० लिटर पाण्यातला. हवेतून नवा ऑक्सिजन पाण्यात मिसळत असतो, त्यामुळे वाहत्या नदीत हिशोब इतका कडक राहत नाही. बंधाऱ्यामागे साचलेल्या संथ पाण्यात मात्र तो बराच खरा ठरतो. मासे विषाने मेले असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते गुदमरून मेलेले असतात.

ही ऑक्सिजनची भूक मोजण्याच्या दोन जुन्या पद्धती आहेत. एकीत जीवाणूंना प्रत्यक्ष खाऊ देतात आणि पाण्यातला ऑक्सिजन किती घटला ते पाहतात. ही जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी. पाश्चात्त्य देशांत त्यासाठी २० अंशांवर पाच दिवस लागतात. आपल्याकडच्या प्रमाण पद्धतीत २७ अंशांवर तीन दिवस. दुसरीत जीवाणूंऐवजी पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल वापरून दोन तास उकळतात. ही रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे सीओडी. नदीत सोडायच्या सांडपाण्याची बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत असावी असा नियम आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी अतिप्रदूषणकारी १७ प्रवर्गांतील उद्योगांना सांडपाण्याच्या व धुराच्या वाटेवर सतत मापन करणारी यंत्रे बसवायला सांगावे, असे निर्देश राज्य मंडळांना दिले. साखर कारखाने आणि आसवन्या हे दोन्ही त्या यादीत आहेत. कल्पना चांगली होती. निरीक्षक वर्षातून काही वेळा येणार, तेही बहुधा दिवसा. यंत्र मात्र रात्रीही जागे राहते आणि त्याचे आकडे थेट मंडळाच्या संगणकात जातात. पण आपण वर पाहिले की बीओडीला तीन दिवस लागतात. मग नळीत बसवलेली कांडी दर काही मिनिटांनी बीओडीचा आकडा कसा सांगते?

ती बीओडी मोजत नाही. प्रचारात असलेल्या यंत्रांपैकी पुष्कळ यंत्रे पाण्यातून अतिनील प्रकाश सोडून त्यातला किती शोषला गेला ते पाहतात. सामान्यतः २५४ नॅनोमीटरच्या आसपासची तरंगलांबी वापरतात, काही यंत्रे सगळा वर्णपटच घेतात. शोषण जितके जास्त तितका सेंद्रिय पदार्थ जास्त असे धरून त्याला एका संख्येने गुणतात आणि पडद्यावर 'सीओडी' व 'बीओडी' उमटते. टीडीएस मीटरचीच ही युक्ती आहे. ती गैर आहे असे मुळीच नाही. शहरी सांडपाण्यावर अशी यंत्रे चांगले काम देतात, कारण तेथील पाण्याचे मिश्रण रोज साधारण सारखेच असते. पण २५४ नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात ती मुख्यतः बेन्झीनसारखी वलये किंवा एकाआड एक दुहेरी बंध असलेले रेणू. साखरेत यांपैकी काही नाही. अल्कोहोलमध्येही नाही. साखरेचे पाणी डोळ्यांना जितके पारदर्शक, जवळजवळ तितकेच या यंत्राला. म्हणजे उसाच्या पट्ट्यात ज्या दोन पदार्थांची सर्वांत जास्त भीती बाळगायची, ते दोन्ही या जातीच्या यंत्राला दिसत नाहीत.

उलटीही चूक होते. आसवनीच्या सांडपाण्याचा गर्द तपकिरी रंग मेलॅनॉइडिन नावाच्या पदार्थांमुळे येतो. ते अतिनील प्रकाश भरपूर शोषतात, पण जीवाणूंना ते सहजासहजी पचत नाहीत. तेथे यंत्र बीओडी वाढवून दाखवू शकते. विक्रेते यावर म्हणतात, "आम्ही तुमच्या कारखान्याच्या पाण्यावरच यंत्राचे अंशन करून देतो." ठीक आहे. नेहमीच्या दिवसांतील नमुने प्रयोगशाळेत तपासून गुणक ठरवला, तर नेहमीच्या दिवसांत आकडा जमतो. पण एखाद्या रात्री झडप गळून पाक गटारात गेला, तर पाण्याचे मिश्रण बदलते आणि गुणक लागू पडत नाही. नेमक्या ज्या रात्रीसाठी यंत्र बसवले, त्या रात्री ते शांत राहते.

आता त्या जुन्या अहवालाकडे वळू. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने अशाच एका यंत्राची चाचणी करून द्या म्हणून आमच्याकडे विनंती केली. आम्ही ती मन लावून केली. सीओडीसाठी जगभर पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट या पदार्थाचे प्रमाण द्रावण वापरतात. ते शुद्ध मिळते, टिकते, आणि त्याची सीओडी आधीच काटेकोर काढता येते. आम्ही कमी-जास्त तीव्रतेची द्रावणे बनवली, यंत्र बुडवले आणि आकडे आलेखावर मांडले. रेषा अगदी सरळ आली. आम्ही तसा अहवाल लिहून सही केली. थॅलेटच्या रेणूत बेन्झीनचे वलय असते आणि तो अतिनील प्रकाश उत्तम शोषतो, हे आम्हाला त्या दिवशीही ठाऊक होते. पण हाच पदार्थ निवडल्याने यंत्राला सोपा पेपर मिळाला, हे सुचले नाही. चमचाभर साखर टाकून पाहण्याचे सुचायला नववीतल्या मुलीचा प्रश्न यावा लागला. तो अहवाल खोटा नव्हता. त्यातला प्रत्येक आकडा खरा होता. तरी तो घेऊन कोणी उसाच्या पट्ट्यात यंत्र विकले असेल, तर त्यात आमचा वाटा आहे.

म्हणूनच 'स्वतंत्र संस्थेकडून चाचणी केलेले' हे शब्द माहितीपत्रकात दिसले की हल्ली आम्ही थबकतो. चाचणी कोणी केली, हा झाला एक प्रश्न. कशावर केली, कोणाच्या हातून केली आणि वाईट निकाल आला असता तर तो छापला असता का, हे प्रश्न त्याहून अवघड आहेत. जगात या दिशेने झालेल्या प्रयत्नांकडे याच नजरेने पाहायला हवे.

सर्वांत मोठा प्रयत्न अमेरिकेचा. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९५ मध्ये पर्यावरणीय तंत्रज्ञानाच्या पडताळणीचा कार्यक्रम सुरू केला. मापनयंत्रांची पडताळणी ओहायो राज्यातील बॅटेल या संशोधन संस्थेकडे होती. चाचणीची योजना आधी लेखी ठरे, ती प्रसिद्ध होई, आणि अहवालही कोणालाही वाचायला मिळत. त्यांतली एक गोष्ट आम्हाला विशेष आवडते. पाण्यातील आर्सेनिक ओळखण्याच्या संचांची चाचणी झाली, तेव्हा तोच संच एकदा प्रशिक्षित तंत्रज्ञाच्या हाती दिला आणि एकदा तसे प्रशिक्षण नसलेल्या माणसाच्या हाती, आणि दोघांचे निकाल वेगवेगळे मांडले. संच अखेर गावातल्या माणसाच्या हाती जाणार असतो, प्रयोगशाळेतल्या माणसाच्या नव्हे, ही साधी गोष्ट तेथे चाचणीतच धरली होती.

परंतु या कार्यक्रमाच्या मुळाशी एक अडचण होती. उत्पादक स्वतःहून यंत्र घेऊन येई, खर्चातही त्याचा वाटा असे, आणि अहवालात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा शेराच नसे. 'आम्ही या यंत्राची शिफारस करत नाही, फक्त ते असे चालले एवढे सांगतो', अशी संस्थेची भूमिका होती. शास्त्रज्ञाला ही भूमिका प्रामाणिक वाटते. पण खरेदी करणारा नगराध्यक्ष ७० पानी अहवाल वाचत नाही. तो 'पडताळणी झालेले' हा शिक्का पाहतो. ज्याला आपले यंत्र कच्चे आहे हे माहीत आहे, तो मुळात चाचणीला येतच नाही. २०१४ मध्ये हा कार्यक्रम बंद झाला. २०१६ मध्ये याच विषयावर आयएसओ १४०३४ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. तेही पडताळणी कशी करावी ते सांगते; यंत्र किती चांगले असले पाहिजे ते सांगत नाही.

याच्या उलट वाट कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिसच्या परिसरातील हवा-नियंत्रण यंत्रणेने २०१४ मध्ये धरली. हवेतील धूलिकण मोजणारी स्वस्त यंत्रे बाजारात येऊ लागली तेव्हा तिने त्यांच्यासाठी एक चाचणी केंद्रच काढले. एकाच जातीची तीन यंत्रे घ्यायची, ती अधिकृत मापन केंद्राच्या शेजारी ठेवायची, मग प्रयोगशाळेत तपासायची आणि चांगले-वाईट सगळे निकाल एकाच तक्त्यात प्रसिद्ध करायचे. एकाच जातीची तीन यंत्रे आपापसातच जुळत नाहीत, हे कळायलाही तीन घ्यावी लागतात.

आपल्याकडे काय आहे? ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र सरकारने दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेला धुराड्यांतील उत्सर्जन आणि परिसरातील हवा मोजणाऱ्या उपकरणांच्या प्रमाणीकरणाचे काम सोपवले. जानेवारी २०२१ मध्ये तेथे राष्ट्रीय पर्यावरण मानक प्रयोगशाळेची पायाभरणी झाली. पाऊल योग्यच आहे. परदेशातल्या थंड, कमी धुळीच्या हवेत तपासलेल्या यंत्राचे प्रमाणपत्र आपल्या मे महिन्यात किती कामाचे, ही शंका जुनीच होती. पण २०१९ ची ती अधिसूचना हवेपुरती आहे. सांडपाण्याच्या नळीतली कांडी तिच्यात येत नाही.

महाराष्ट्रातील एक चाचणी येथे मुद्दाम सांगायला हवी. नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ या काळात कानपूरच्या आयआयटीने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने मुंबईत स्वस्त धूलिकणमापकांची तुलना केली. चार भारतीय कंपन्यांची मिळून ४० यंत्रे मंडळाच्या १५ केंद्रांवर, मंडळाच्या मोठ्या यंत्रांशेजारी ठेवण्यात आली. यंत्रे बनवणारे वेगळे, तपासणारे वेगळे, आणि जागा ज्या शहरात ती वापरायची तेच. असे काम आपल्याकडे क्वचित होते आणि त्याचे कौतुक करायला हवे. तरीही महिने पुन्हा वाचा. नोव्हेंबर ते मे. जून ते सप्टेंबर त्यात नाहीत! ही यंत्रे कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. हवा दमट असली की कण पाणी शोषून फुगतात, जास्त प्रकाश विखुरतात, आणि यंत्र वाजवीपेक्षा जास्त धूळ दाखवते. मुंबईची आर्द्रता वर्षभर काही कमी नसते, तथापि पावसाळ्यातील परीक्षा ती वेगळीच. मुंबईत पावसाळ्यावाचून झालेली चाचणी कोरड्या महिन्यांपुरती खरी मानावी, आणि तसे निष्कर्षाच्या पहिल्याच ओळीत लिहावे, असे आमचे मत आहे.

अशा चाचण्यांच्या बातम्यांत 'सहसंबंध ०.९५' अशा जातीचा आकडा छापलेला असतो. शिक्षकांनी तो वर्गात सोलून दाखवावा. एसटी स्थानकावरचे घड्याळ सदैव वीस मिनिटे मागे असेल, तर त्याचा खऱ्या वेळेशी सहसंबंध पूर्ण, म्हणजे १ असतो. गाडी मात्र चुकते. 'अचूकता ९० टक्के' हेही तसेच. हजार विहिरींपैकी शंभर दूषित आहेत असे समजा. संच दूषितांपैकी ९० ओळखतो आणि चांगल्या ९०० पैकी ८१० ना चांगले म्हणतो. अचूकता ९० टक्के झाली. पण 'दूषित' म्हटलेल्या १८० विहिरींपैकी निम्म्या चांगल्या निघतात, आणि दहा दूषित विहिरींचे पाणी लोक निर्धास्तपणे पीत राहतात. या दोन चुका एका टक्केवारीत मिसळून सांगणे म्हणजे काही न सांगणेच.

हा केवळ कागदावरचा खेळ नाही. बांगलादेशात आर्सेनिकयुक्त नळकूपांचा शोध सुरू झाला तेव्हा खेडोपाडी छोटे संच दिले गेले. पाण्यात जस्त आणि आम्ल टाकले की आर्सेनिकचा आर्सिन वायू होतो. तो मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेल्या कागदावर पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत डाग पाडतो, आणि तो डाग रंगांच्या पट्टीशी डोळ्यांनी जुळवायचा. लिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर नळकूपाला लाल रंग, खाली असेल तर हिरवा. तेरा लाखांहून अधिक नळकूप असे तपासून झाल्यावर, २००२ मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या संचांची परीक्षा प्रसिद्ध केली. २९० नळकूपांचे पाणी संचांनीही तपासले आणि प्रयोगशाळेतही. दूषित पाण्याला सुरक्षित म्हणण्याचे प्रमाण काही वेळा ६८ टक्क्यांपर्यंत गेले होते, सुरक्षित पाण्याला दूषित म्हणण्याचे ३५ टक्क्यांपर्यंत. आधीच रंगवलेल्या २,८६६ नळकूपांचे नमुने तपासले, तेव्हा ५० मायक्रोग्रॅमच्या खालच्या पट्ट्यात ४४.९ टक्के रंग चुकीचे निघाले. हिरव्या रंगाच्या भरवशावर घरची बाई पाणी भरत होती.

पुढे २००५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाशी संबंधित दुसऱ्या एका गटाने वेगळ्या संचाची परीक्षा घेतली. ७९९ नळकूपांपैकी ८८ टक्क्यांच्या बाबतीत संचाचा निवाडा बरोबर निघाला. मुख्य चुका ५० ते १०० मायक्रोग्रॅमच्या पट्ट्यात होत्या, आणि कारणही सापडले: वीस मिनिटांत प्रक्रिया पुरी होत नव्हती. कागद चाळीस मिनिटे ठेवला की ही चूक जाते. तटस्थ चाचणीने यंत्र बादच होते असे नाही, हे विक्रेत्यांनीही लक्षात घ्यावे. मात्र ती चाचणी लाखो नळकूप रंगवण्यापूर्वी व्हायला हवी होती.

आपल्या देशात जन्मलेले याहून चांगले एक उदाहरण आहे. मंजा, मौर्य आणि राव या ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक सोपी बाटली वर्णन केली. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरून ठेवले आणि ते काळे झाले, तर त्यात हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे जीवाणू आहेत, म्हणजे विष्ठेची घाण मिसळल्याचा संभव आहे. पट्टीवर काय लावायचे तेही त्यांनी छापले. त्यामुळे जगभर कोणालाही ती बनवून तपासता आली, आणि अनेकांनी तपासली. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या सगळ्या चाचण्यांचा आढावा घेतला. विष्ठेशी संबंध नसलेले काही जीवाणूही पाणी काळे करतात आणि भूजलात मुळातच सल्फाइड असेल तर फसगत होते, अशा मर्यादा त्यात स्पष्ट मांडल्या आहेत. ही बाटली कोठे वापरावी आणि कोठे वापरू नये, हे आज आपण सांगू शकतो. डबाबंद सूत्रावर चालणाऱ्या कांडीबद्दल तसे सांगता येत नाही.

२०१९ पासूनच्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण द्यायचे ठरले. त्यांतले बरेच संच रंग जुळवण्याचेच असतात. या महिलांच्या हाती संच दिले जातात तसे अधूनमधून एखादा गुप्त नमुनाही दिला गेला पाहिजे, ज्याचे उत्तर फक्त देणाऱ्याला ठाऊक असते. त्यात परीक्षा त्या बाईंची नसून संचाची असते, हे त्यांना आधीच सांगावे. कारखान्याच्या नळीतल्या यंत्रांसाठीही आमची मागणी हीच आहे. यंत्र ज्याच्यावर पहारा ठेवते तोच ते विकत घेतो, तोच सांभाळतो आणि त्याचे अंशनही त्याच्याच पैशांनी होते, ही रचना एका दिवसात बदलणार नाही. पण हंगामात दोन-तीनदा, न सांगता, ठाऊक प्रमाणात साखर आणि अल्कोहोल घातलेले पाणी घेऊन कोणी तटस्थ माणूस गेला, यंत्र त्यात बुडवले आणि आलेला आकडा मंडळाच्या तक्त्यात त्या यंत्राच्या नावापुढे छापला, तर खर्च जवळपास काहीच नाही. सेंद्रिय कार्बन जाळून मोजणारी यंत्रे साखर पाहू शकतात. ती महाग असतात आणि त्यांना देखभालही जास्त लागते. स्वस्त यंत्राला काय दिसत नाही हे उघड झाल्याखेरीज महाग यंत्र घ्यावे की नाही, हे कोणी ठरवायचे तरी कसे?

सांगवीच्या सरांनी शेवटी विचारले, "मग हा मीटर फेकून देऊ का?" आम्ही नको म्हटले. विहिरीचे पाणी किती खारट झाले, हे त्यावर चांगले कळते, आणि बागायती पट्ट्यात तेही हवेच असते. त्यांनी मीटरला चिकटपट्टी लावून तिच्यावर 'साखर दिसत नाही' असे लिहून घेतले.

पुढच्या गाळप हंगामासाठी शिक्षकांनी बेत ठरवला. बंधाऱ्याच्या वरून आणि खालून ठरलेल्या दिवशी पाणी घ्यायचे. बाटल्या काठोकाठ भरायच्या. विरघळलेला ऑक्सिजन तेथेच, विंकलरच्या जुन्या अनुमापन पद्धतीने काढायचा. ती पद्धत अकरावीच्या मुलांना जमते. काही बाटल्या बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवायच्या. त्यांत एक बाटली नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याची, एक मोजून साखर घातलेल्या पाण्याची आणि एकाच नमुन्याच्या दोन बाटल्या वेगळ्या क्रमांकांनी. बाटल्यांवर फक्त क्रमांक असावेत हे सगळ्यांना पटले. कोणत्या क्रमांकात काय आहे याची यादी कोणाकडे ठेवायची, यावर मात्र बराच वेळ गेला. मुख्याध्यापकांकडे नको, कारण गावात त्यांना सगळे विचारणार. आमच्याकडेही नको, कारण निकाल आम्हीच वाचणार. शेवटी ती गणिताच्या बाईंकडे द्यायचे ठरले. त्या नदीवर येणार नाहीत आणि निकाल जाहीर होईपर्यंत कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच राहील.